२६ जानेवारी आणि घरातील आजी-आजोबा

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही बँकेत कारकून आहोत. व्याख्यान देण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु संस्थेने चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, म्हणून घरचीच एक गोष्ट सांगतो.

गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. आमची धाकटी मुलगी तेव्हा पहिलीत होती. २६ जानेवारीच्या सकाळी आमची आई तिची वेणी घालीत होती. मुलीने विचारले, "आजी, आज काय असतं गं?" आईची शाळा चौथीत सुटलेली. ती म्हणाली, "आपण बी माणूस हाय, असं ज्या कागदात लिवलं, तो कागद लागू झाला आज." आणि मग ती गावची विहीर सांगू लागली. तिच्या आईला विहिरीवर चढू देत नसत. कुणीतरी दया येऊन वरून पाणी ओतील म्हणून ती घागर घेऊन ताटकळत बसे. आम्ही घाईत होतो. ओरडलो, "आई, सणाच्या दिवशी लेकराला कशाला हे?" आई गप्प झाली. आम्ही मुलीला घेऊन शाळेत गेलो. आई दरवर्षीप्रमाणे घरीच राहिली.

शाळेत मुलीने आम्ही लिहून दिलेले भाषण न अडखळता म्हटले. टाळ्या पडल्या. परत येताना तिने विचारले, "पप्पा, आजीच्या आईला पाणी मिळालं का शेवटी?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. गोष्ट अर्ध्यावर आम्हीच तोडली होती.

विद्यार्थी मित्रांनो, तारखा आपणास पाठ आहेत. १९२९ च्या लाहोर अधिवेशनात पूर्ण स्वराज्याचा ठराव झाला आणि २६ जानेवारी १९३० हा दिवस देशभर पाळला गेला. त्याची आठवण म्हणून २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारलेले संविधान २६ जानेवारी १९५० पासून अमलात आले. मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. अनुच्छेद १५ मध्ये तर विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांचा स्पष्ट उल्लेख आहे. देशाच्या मूलभूत कायद्यात विहीर का यावी, हे पुस्तकातून कळणे कठीण. महाडचे चवदार तळे १९२७ चे. पण आमच्या आईचा जन्म १९५५ चा, म्हणजे तिने पाहिलेली विहीर संविधान लागू झाल्यानंतरची आहे. कायदा झाला तरी विहिरीपर्यंत पोहोचायला त्याला किती वर्षे लागली, हे आजीच सांगू शकते.

त्या संध्याकाळी आम्ही आईजवळ बसलो आणि म्हणालो, "आई, सकाळची गोष्ट पुरी कर." आई म्हणाली, "मिळालं पाणी. पण माझी आई पहिल्यांदा विहिरीवर चढली तवा तिचे केस पांढरे झाले होते." मग तिने आपले बोट पुढे केले. १९७७ साली, वयाची एकवीस वर्षे पुरी झाल्यावर, तिने पहिले मत दिले. "वाड्यातल्या बाईंचं एक मत, माझंबी एकच. दोघींच्या बोटाला शाई सारखीच." प्रौढ मताधिकारावर आम्ही बी. ए. ला चार पाने लिहिली होती. ती या एका वाक्यापुढे फिकी पडली.

अशा गोष्टींनी मुलांची मने कडू होतील, असे आमच्यासारखे पुष्कळ पालक म्हणतात. आम्हालाही तीच भीती होती. परंतु मुलीने "कोणी अडवलं?" असे विचारले नाही, "पाणी मिळालं का?" असे विचारले. आजीच्या सांगण्यात विष नव्हते, म्हणून नातीच्या प्रश्नातही ते आले नाही.

बँकेत पेन्शनच्या दिवशी आम्ही पाहतो. आजोबा अंगठा उठवतात आणि नातू स्लिपवर रक्कम लिहितो. एकाजवळ अक्षर आहे, दुसऱ्याजवळ आयुष्य आहे. २६ जानेवारीला ही दोघे एकत्र का येऊ नयेत?

म्हणून आमची नम्र विनंती आहे. झेंडावंदनाला जाताना आजी-आजोबांना बरोबर न्या. त्यांना बसायला खुर्ची ठेवा. येताना वाटेत पडलेले कागदी झेंडे नातवंडांसह उचला. दुपारी नातवंडाने संविधानाची उद्देशिका मोठ्याने वाचावी आणि एकेका शब्दावर आजी-आजोबांनी आपला अनुभव सांगावा. आईवडिलांनी मध्ये बोलू नये. हा शेवटचा नियम आम्ही स्वतःसाठी केला आहे.

गेल्या वर्षी आई शाळेत आली. घरी आल्यावर मुलीने उद्देशिका वाचायला घेतली. पहिलाच शब्द 'आम्ही'. ती थांबली आणि म्हणाली, "आजी, यात तू पण आहेस?" आई म्हणाली, "हाय तर! अन् माझी आईबी."