जुन्या मोटारसायकलीची पेट्रोल-गाळणी

मद्रास येथें १९५० च्या दशकांत बुलेट मोटारसायकल तयार होऊं लागली. म्हैसूरच्या कारखान्यांतून जावा व पुढें येझदी १९९६ पर्यंत बाहेर पडत होत्या. यांपैकीं कित्येक गाड्या आजहि घरोघरीं जिव्हाळ्यानें जपलेल्या आढळतात. वडिलांची अशी गाडी बऱ्याच वर्षांनीं बाहेर काढली, कीं पहिला सल्ला मिळतो तो हा: पेट्रोलच्या नळींत एक कागदी गाळणी बसवून टाका. सल्लाहि स्वस्त आणि वस्तूहि स्वस्त; तरी ती बसविण्यापूर्वीं थोडा विचार करावा हें बरें.

या गाड्यांत पेट्रोल ढकलणारा पंप नसतो. टाकी वर, कार्ब्युरेटर खालीं. मधल्या थोडक्या उंचीवरून पेट्रोल आपल्या वजनानें उतरतें, एवढीच काय ती योजना. मोटारीच्या पंपासाठीं घडविलेली दाट कागदाची गाळणी या मंद ओघांत आणून बसविली, तर तीच अडसर होते. गांवांतल्या फेरफटक्यांत तें कळत नाहीं; घाटाच्या लांब चढावर कार्ब्युरेटरची वाटी भरते त्याहून लौकर रिकामी होऊं लागते आणि इंजिन अडखळतें. (टाकीच्या झांकणाचें हवेचें भोंक बुजलें तरी लक्षणें हींच, तें आधीं पाहावें.) येझदीसारख्या टू-स्ट्रोक गाडींत प्रसंग अधिक बिकट. तिचें वंगण पेट्रोलांतच मिसळलेलें असतें. पेट्रोल तुटलें कीं तेलहि तुटलें. भरधाव वेगांत पिस्टन जागच्या जागीं आवळला जाऊन मागचें चाक थांबूं शकतें.

मग गाळणी नकोच काय? बहुतेक गाड्यांत ती मूळचीच असते: कॉकाच्या तोंडाशीं बसविलेली बारीक जाळी. इतक्या वर्षांत ती फाटलेली, वा एखाद्या उतावळ्या मिस्त्रीनें काढून फेकलेली असते, ही गोष्ट निराळी.

खरा प्रश्न टाकीचा आहे. पत्र्याची टाकी अर्धी रिकामी पडून राहिली म्हणजे आंतून ओल धरते व गंज चढतो. ती तांबडी भुकटी जेटचें सूक्ष्म भोंक बुजविते. अथवा फ्लोटच्या सुईशीं एखादा कण अडकतो आणि पेट्रोल बाहेर वाहूं लागतें. खालीं इंजिन तापलेलें असतें, हें विसरून चालत नाहीं. त्यांत इथेनॉलची भर. २०२५ सालीं भारतांत पेट्रोलांतील त्याचें प्रमाण शेंकडा २० वर पोंचलें. इथेनॉल पाणी शोषतें. पाणी फार झालें म्हणजे दोन्ही पेट्रोलापासून फुटून तळाशीं बसतात, आणि कॉक नेमका तेथेंच असतो. असल्या पाण्यापुढें कागदी गाळणी निरुपयोगी. जुन्या रबरी नळ्याहि इथेनॉलनें खराब होतात, त्या आधीं बदलाव्या.

टाकी स्वच्छ व जाळी शाबूत असेल, तर दुसऱ्या गाळणीची गरज नाहीं. टाकी गंजलेली असेल, तर ती धुऊन निघेपर्यंत गाळणी अवश्य लावावी. मात्र पंपाविना चालणाऱ्या गाड्यांसाठीं केलेली, विरळ जाळीची, पारदर्शक, इंजिनाच्या आंचेपासून दूर. बसविल्यावर थंड गाडी उघड्या जागीं, विस्तवापासून दूर उभी करून नळीचें खालचें टोक कार्ब्युरेटरवरून काढावें, तें भांड्यांत धरावें व कॉक उघडावा. गाळणीसह व गाळणीविना धार सारखी पडली, तर गाळणी योग्य. थेंब थेंब पडूं लागलें, तर ती त्याच दिवशीं काढावी.

कांहीं महिन्यांनीं त्या पारदर्शक भांड्यांत तांबडा गाळ पुन्हा दिसला, तर नवी गाळणी आणूं नये, टाकी उतरवावी.