जुनें गणित, नवी आवृत्ति

गणिताचें साधन कितीहि उत्तम असलें तरी तें कायमचें पुरत नाहीं, हें महाराष्ट्राला फार पूर्वींपासून ठाऊक आहे. कोंकणांतील नांदगांवच्या गणेश दैवज्ञांनीं १५२० सालापासून गणिताचा आरंभ धरून ‘ग्रहलाघव’ रचला. सौर, आर्य व ब्राह्म या तिन्ही पक्षांतून प्रत्यक्ष आकाशाशीं जुळेल तेवढेंच त्यांनीं घेतलें. पुढें कित्येक पिढ्या याच ग्रंथावरून पंचांगें निघालीं. परंतु कालांतरानें गणितांतले ग्रह आणि आकाशांतले ग्रह यांत अंतर पडूं लागलें. तें दूर करण्यासाठीं व्यंकटेश बापूजी केतकर यांनीं नवीं कोष्टकें सिद्ध केलीं. जुन्या ज्योतिष्यांनीं अशा दुरुस्तीस ‘बीजसंस्कार’ असें अर्थपूर्ण नांव दिलें आहे.

आज हा संस्कार संगणकाच्या सॉफ्टवेअरला करावा लागतो. नारायणगांवाजवळ खोडद येथें प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ-दुर्बीण आहे. ती एका वेळीं पूर्वीं ३२ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा टिपीत असे; नूतनीकरणानंतर ती ४०० मेगाहर्ट्झपर्यंत टिपूं लागली. दुर्बीण बदलली कीं तिच्या नोंदींचें गणितहि बदलणें भाग पडतें. अशा नोंदींसाठीं ‘एप्स’ नांवाचें अमेरिकन सॉफ्टवेअर अनेक वर्षें वापरण्यांत आलें. त्याच्या अनेक आवृत्त्यांस त्या त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरचें नांव असे, आणि दुरुस्त्या आणणाऱ्या आज्ञेस ‘मध्यरात्रीचें काम’ म्हणत. सारें जग निजलें असतां ती आज्ञा बदललेल्या तेवढ्याच फाईली आणून जुळणी करी.

या दुर्बिणीच्या नोंदी ठराविक मुदतीनंतर सर्वांस खुल्या होतात. म्हणून भंडारा किंवा तुमसर येथील महाविद्यालयाचा विद्यार्थी पुण्यास न जातांहि त्यांवर काम करूं शकतो. त्याच्यापाशीं मोठी प्रयोगशाळा नसेल. परंतु साधन अद्ययावत राखण्याची विद्या त्याला साध्य आहे, आणि तिच्यावांचून त्याच्या उत्तरास कोणी मान देणार नाहीं.

ही विद्या ‘टर्मिनल’ नांवाच्या काळ्या पडद्यावर चालते. तेथें चित्रें नाहींत. लुकलुकणाऱ्या रेघेपुढें आज्ञा लिहावयाची आणि उत्तर वाचावयाचें. आज्ञा म्हणजे केवळ अक्षरें असल्यामुळें भंडाऱ्यांत बसून दूरच्या संगणकासहि ती देतां येते, आणि त्यास मंद जोडणीहि पुरते. मात्र शब्द जपून वाचले पाहिजेत. उबुंटू प्रणालींत ‘ॲप्ट अपडेट’ ही आज्ञा नांवावरून वाटतें तसें सॉफ्टवेअर बदलीत नाहीं. ती केवळ नव्या आवृत्त्यांची यादी आणते. खरा बदल ‘ॲप्ट अपग्रेड’ या दुसऱ्या आज्ञेनें होतो. वाण्याची नवी यादी घरीं आली म्हणजे कोठींत तांदूळ पडले, असें होत नाहीं.

आळस केल्यास काय होतें, याचें उदाहरण रसायनशास्त्रांत घडलें. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेला एक गणन-कार्यक्रम निरनिराळ्या संगणकप्रणालींवर निरनिराळीं उत्तरें देतो, असें २०१९ सालीं हवाई विद्यापीठांतील संशोधकांनीं दाखवून दिलें. फाईली कोणत्या क्रमानें वाचावयाच्या हें त्यांत सांगितलेलें नव्हतें, आणि प्रत्येक प्रणालीचा क्रम आपापला. फाईली आधीं क्रमवार लावून घ्याव्या, एवढ्याच दुरुस्तीनें दोष गेला. परंतु ज्याच्या संगणकांत जुनीच प्रत राहिली, त्याला ही दुरुस्ती असून नसल्यासारखीच.

उलट, उतावळेपणाहि तितकाच घातक. अर्ध्या नोंदी जुन्या आवृत्तीनें आणि अर्ध्या नव्या आवृत्तीनें सोडविल्या, तर दोन पंचांगांतून एक तिथि काढल्यासारखें होतें. फरक ताऱ्यांत पडला कीं साधनांत, हें मग कोणास सांगतां येईल? म्हणून चालूं काम पुरें होईपर्यंत साधन बदलूं नये. बदलण्यापूर्वीं ‘कोंडा लिस्ट’ या आज्ञेनें मिळणारी आवृत्त्यांची यादी लिहून ठेवावी. याच ‘कोंडा’नें एका संगणकांत स्वतंत्र कप्पे करतां येतात, जुनी आवृत्ति एका कप्प्यांत ठेवून नवी दुसऱ्यांत आणावी. मग ज्याचें उत्तर पक्कें ठाऊक आहे असें एक उदाहरण दोन्हीकडे सोडवावें. उत्तरें जुळलीं तर पुढें जावें; न जुळल्यास कारण सांपडेपर्यंत थांबावें. आणि निबंध लिहितांना कोणती आवृत्ति वापरली हें स्पष्ट नमूद करावें.

आपलें गणित कोणत्या पक्षाचें हें पंचांगकर्ते सांगत आले आहेत. त्यामुळें वाचकास तें पडताळून पाहतां येतें, आणि पुढच्या गणकास चूक कोठें शोधावी हें कळतें. साधन नवें ठेवणें हें अर्धेंच कर्तव्य होय. तें कधीं व कोणत्या कारणास्तव बदललें याची नोंद ठेवणें हें उरलेलें अर्धें. भंडाऱ्याच्या विद्यार्थ्यानें ही दोन्ही अंगें सांभाळलीं, तर त्याचें उत्तर पुण्यांत काय किंवा परदेशांत काय, कोणीहि पुन्हां मांडून पाहूं शकेल. आणि पुन्हां मांडून जें टिकतें, त्यालाच शास्त्र म्हणतात.