मेद, संप्रेरकें आणि जठराचा कर्करोग

सुटलेलें पोट हें आपल्या शहापूर-मुरबाडकडे आजवर सुखवस्तूपणाचें लक्षण समजलें गेलें आहे. "खात्यापित्या घरचा दिसतो," असें आपण कौतुकानें म्हणतों. नाचणीची भाकरी खाऊन भाताच्या लावणीला चिखलांत राबणाऱ्या माणसाला मेदाच्या रोगांचें भय कशाला, असेंही पुष्कळांस वाटतें. ह्या दोन्ही समजुती एकदां तपासून पाहण्याजोग्या आहेत.

मेद म्हणजे धान्याच्या कणगीसारखी निव्वळ सांठवण, असें फार दिवस मानीत असत. १९९४ सालीं न्यूयॉर्क येथील रॉकफेलर विद्यापीठांतील जेफ्री फ्रीडमन व त्यांचे सहकारी यांनीं लेप्टिन नांवाच्या द्रव्याचें जनुक शोधून काढलें, आणि ती कल्पना पालटली. लेप्टिन हें मेदाच्या पेशी रक्तांत सोडतात, व सांठा पुरेसा असल्याचा निरोप तें मेंदूस पोंचवितें. रक्तावाटे असे निरोप नेणाऱ्या द्रव्यांस संप्रेरकें अथवा हॉर्मोन्स म्हणतात. अर्थात् मेद हा एक प्रकारें ग्रंथीचेंच काम करतो.

मेद फार वाढला म्हणजे ह्या निरोपांचा तोल बिघडतो. लेप्टिन वाढतें, पण मेंदू त्यास दाद देईनासा होतो. स्नायू व यकृत इन्शुलिनला जुमानीनासे होतात, म्हणून स्वादुपिंड अधिकाधिक इन्शुलिन सोडूं लागतें. उलट, दाह शमविणारें अॅडिपोनेक्टिन हें मेदापासूनच निघणारें द्रव्य मात्र घटतें. आतां लेप्टिन व इन्शुलिन हीं पेशींच्या वाढीस व विभाजनासही उत्तेजन देतात. प्रयोगशाळेंत जठराच्या कर्करोगाच्या पेशींना लेप्टिन दिलें असतां त्या जोमानें वाढतात, असें अनेक प्रयोगांत दिसून आलें आहे. मनुष्याच्या जठरांतही असेंच घडत असावें, असा तर्क आहे. तथापि कांचपात्र म्हणजे मनुष्य नव्हे, म्हणून "घडत असावें" एवढेंच म्हणणें योग्य होय.

निश्चित झालेली गोष्ट ती अशी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २०१६ सालीं असा निर्णय दिला कीं, अतिरिक्त मेद टाळल्यास १३ प्रकारच्या कर्करोगांचा धोका कमी होतो. अन्ननलिका जेथें जठरास मिळते, त्या जठरमुखाचा कर्करोग हा त्यांपैकीं एक आहे. पोटावरील मेदाच्या दाबानें जठरांतील आम्ल वर चढतें, हेंही त्याचें एक कारण मानतात. जठराच्या बाकीच्या भागांतील कर्करोगाचें मुख्य कारण निराळें आहे. १९८२ सालीं ऑस्ट्रेलियांत बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांनीं ओळखलेला हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतु तें होय. विडी ओढणें व फार खारविलेलें अन्न यांनींही धोका वाढतो.

"पण आम्ही तर अंगानें बारीक," असें कोणी म्हणेल. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा व त्यांच्या अर्भकांचा अभ्यास आरंभिला. त्या अर्भकांचें सरासरी वजन २.७ किलो भरलें, तर इंग्लंडांतील साउदॅम्प्टनच्या अर्भकांचें ३.५ किलो. खेड्यांतील हीं मुलें अशीं लहानखुरीं असूनही त्यांच्या त्वचेखालचा मेद मात्र त्या मानानें राखला गेला होता. उणीव होती ती स्नायूंची. हा अभ्यास मधुमेहाच्या अनुरोधानें झाला, कर्करोगाच्या नव्हे. पण हातपाय काटकुळे असले म्हणजे अंगीं मेद नाहीं, असें समजण्याची सोय त्यानें ठेविली नाहीं.

शिवाय आपली राहणीही पालटली आहे. माहुलीच्या पायथ्याच्या वाड्यांतील तरुण आतां नांगरामागें चालत नाहींत; मुरबाडच्या कारखान्यांत किंवा नाशिक महामार्गालगतच्या गोदामांत पाळ्या करतात, वडापाव खातात व बाटलींतील गोड पाणी पितात. त्यांनीं शिंप्याची फीत घेऊन बेंबीच्या आसपास माप घ्यावें. पुरुषांचें ९० सेंटीमीटरांहून व स्त्रियांचें ८० सेंटीमीटरांहून अधिक भरल्यास सावध व्हावें. ह्या मापाला खर्च नाहीं. रोज चालणें आणि तळलेलें व गोड कमी करणें, हेंही कोणाच्याही आवांक्यांतलें आहे.

शेवटीं एक महत्त्वाची सूचना. घास अडकणें, आठवडेच्या आठवडे जळजळ राहणें, शौचास काळें होणें, भूक मरणें, किंवा कांहीं न करतां वजन उतरणें, यांपैकीं कांहीं आढळल्यास दुकानांतील पुड्यांवर दिवस काढूं नयेत. स्थूल माणसाचें वजन आपोआप उतरूं लागलें तर घरचीं माणसें आनंद मानतात. तो आनंद घातक ठरूं शकतो. प्रथम तालुक्याच्या सरकारी रुग्णालयांत दाखवावें. पुढील तपासणीसाठीं १९४१ पासून चालू असलेलें टाटा स्मारक रुग्णालय परळला आहे, आणि आसनगांवाहून गाडीनें तेथवर एका दिवसांत जाऊन येतां येतें. मुरबाडकरांस कल्याणवरून जावें लागेल. लवकर ओळखलेल्या रोगावर उपाय चालतात, म्हणून ही धांवपळ लवकर करावी, एवढीच माझी विनंती आहे.