सर्चलाइटवाल्या बायकांची पलटण

आज एका लष्करी पलटणीची गोष्ट ऐकू या. ही पलटण इंग्लंडमधली, दुसऱ्या महायुद्धातली. नाव ९३ वी सर्चलाइट रेजिमेंट. अंधाऱ्या आकाशात शत्रूचं विमान शोधायचं आणि उजेडात धरून ठेवायचं, हे तिचं काम. आणि तिच्यात जवळजवळ सगळ्या बायकाच होत्या.

१९४० साली जर्मन विमानं रात्री लंडनवर बॉम्ब टाकू लागली. विमानं पाडायला तोफा होत्या, पण त्यांच्यावर माणसं पुरेनात. या दलाचे प्रमुख होते जनरल पाइल. त्यांनी युद्धाआधीच, १९३८ साली, कॅरोलिन हॅस्लेट या इंजिनिअर बाईंना बोलावून विचारलं होतं, की यातलं कोणतं काम बायकांना जमेल? बाईंनी सगळं काम स्वतः पाहिलं आणि सांगितलं, जड गोळे उचलणं सोडलं, तर सगळं जमेल.

१९४१ साली बायका रीतसर सैन्यात आल्या आणि तोफखान्यावर पुरुषांबरोबर काम करू लागल्या. विमान किती उंचावर आहे, किती वेगानं येतंय, तोफ कुठे रोखायची, हा हिशेब यंत्रांवर बायका करायच्या. तोफ डागायची मात्र पुरुषांनी. बायकांना तशी परवानगीच नव्हती. पंतप्रधान चर्चिल यांची धाकटी मुलगी मेरीसुद्धा अशाच एका तोफखान्यावर होती. पुढे अशा बायकांची संख्या पन्नास हजारांवर गेली.

सर्चलाइटचं काम आणखी वेगळं. हे दिवे शहरापासून लांब, माळावर, शेतात असायचे. तिथे दहा-बारा जणींनी रात्री एकट्या राहायचं? लोकांनी नाकं मुरडली. म्हणून १९४१ मध्ये पन्नासेक तरुणींची आधी चाचणी घेतली. त्या खऱ्या उतरल्या. १९४२ च्या ऑक्टोबरमध्ये ही पलटण उभी राहिली.

हा दिवा कसा असायचा? वेल्डिंग करताना ठिणगी पाहिली आहे ना? तशीच ठिणगी कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये पेटायची. मागे मोठा आरसा. त्यातून उजेडाचा झोत मैलोन्‌मैल वर जायचा. एकजण जनरेटर सांभाळायची, एकजण कांड्यांवर लक्ष ठेवायची, एकजण लांब दांड्यानं दिवा फिरवायची, बाकीच्या दुर्बिणीतून आकाश बघायच्या. चिखल, थंडी, पाऊस, सगळं अंगावर. यातली जोखीमही मोठी. दिवा पेटला की वरच्या विमानाला आपली जागा कळते. कधी विमान त्याच झोताच्या रोखानं खाली येऊन गोळ्या झाडायचं. आणि आपलं एखादं विमान वाट चुकलं, तर हेच दिवे त्याला घरचा रस्ता दाखवायचे.

बायका घाबरून पळतील, असं म्हणणारे पुष्कळ होते. १९४२ च्या एप्रिलमध्ये एका तोफखान्यावर यंत्रापाशी उभी असलेली अठरा वर्षांची मुलगी बॉम्बचा तुकडा लागून गेली. तिची जागा लगेच दुसरीनं घेतली. काम थांबलं नाही.

आता पगाराचं ऐका. या बायकांना त्याच दर्जाच्या पुरुषाच्या दोन तृतीयांश पगार मिळायचा. म्हणजे त्याला तीन रुपये, तर हिला दोन. रात्रीच्या पहाऱ्यालाही हातात बंदूक नाही, कुदळीचा दांडा! शत्रूचा बॉम्ब मात्र बाई-पुरुष असा भेद करत नव्हता.

आपल्याकडे काय झालं? आपल्या सैन्यातही हवाई संरक्षणाचा तोफखाना आहे. त्यात बायका अधिकारी म्हणून होत्या, पण ठरावीक वर्षांपुरत्याच. निवृत्तीपर्यंतची कायम नेमणूक त्यांना मिळत नव्हती. शारीरिक ताकद, घरसंसार, बाळंतपण अशी कारणं सरकारनं कोर्टात पुढे केली. १७ फेब्रुवारी २०२० रोजी सुप्रीम कोर्टानं ती फेटाळली आणि या तोफखान्यासकट दहा विभागांत बायकांना कायम नेमणुकीचा हक्क दिला. काम जमतंय हे ठरून केव्हाच झालं होतं. हक्क मिळायला कोर्टात जावं लागलं.

मैत्रिणींनो, खुरपणीला, कापणीला जाताना आपणही हेच बघतो. ऊन तेच, वेळ तेवढाच, मजुरी मात्र वेगळी. 'बायकांचं काम हलकं' असं कुणी म्हटलं, तर हॅस्लेट बाईंसारखं करायचं. काम नीट बघायचं, कोण काय करतं ते मांडायचं आणि मग दराचं बोलायचं. पुढच्या बैठकीत आपल्या गावातले दर वहीत लिहून काढा. बाईचा किती, पुरुषाचा किती.