शाळेंतील मूल आणि आभाळ
(लासलगांव येथें पालकांपुढें केलेलें भाषण)



आपणांपैकीं कोणाचाहि धंदा आभाळाला विचारल्यावांचून चालत नाहीं. अवकाळी सर आली कीं शेतांत काढून ठेवलेला कांदा सडतो, आणि कुंभाराचीं कच्चीं मडकीं पुन्हां मातीला मिळतात. तेव्हां मुलें शाळेंत ऋतु कसे शिकतात, हा आपल्या पोटाचा प्रश्न आहे.

शाळेंत छत्रीचें चित्र म्हणजे पावसाळा आणि शेकोटीचें चित्र म्हणजे हिवाळा, एवढ्यावर पाठ संपतो. आपलें मूल घरूनच याहून पुष्कळ शिकून आलेलें असतें. निफाडची थंडी त्यानें अंगावर काढलेली असते. मृग, आर्द्रा, हस्त हीं नांवें त्यानें आजीच्या तोंडून ऐकलेलीं असतात. पोळ, रांगडा व उन्हाळ कांदा कधीं लावतात, हेंहि तें सांगतें. शाळेनें आधीं हें ज्ञान फळ्यावर घ्यावें.

मग त्याला मोजमाप द्यावें. सरळ बाजूंचा एक डबा उघड्यावर ठेवावा. रोज सकाळीं साडेआठला, म्हणजे हवामान खातें मोजतें त्याच वेळीं, मुलांनीं पट्टीनें पाणी मोजून वहींत लिहावें व डबा रिता करावा. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला १ लिटर पाणी; एकरभर रानावर सुमारें ४,००० लिटर. "पुष्कळ पडला" या बोलण्यावर नुसता वाद होतो. "२५ मिलिमीटर पडला" यावर पेरणीचा विचार करतां येतो.

मृग दरसाल ७ किंवा ८ जूनला लागतो, पण ज्येष्ठ महिना मागेंपुढें होतो, तो कां? नक्षत्रें सूर्याच्या चालीवर धरलीं आहेत, महिने चंद्राच्या. म्हणून साधारण ३२-३३ महिन्यांनीं अधिक मास घालून मेळ बसवितात. म्हणजे पंचांग हें गणित आहे. तें समजण्यास कोणाच्या दारीं जाण्याचें कारण नाहीं. मात्र नक्षत्र तारीख सांगतें, पाऊस सांगत नाहीं. हें मुलांना त्यांची वहीच दाखवील.

महात्मा जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें हेंच मागितलें होतें, कीं प्राथमिक शाळेंत वाचन, लेखन व हिशेबाबरोबर शेतीचें प्राथमिक ज्ञान द्यावें.

कोणी म्हणेल, वहीनें गारा थांबतात काय? नाहीं. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चांत महाराष्ट्रांत गारपीट झाली, तेव्हां उभीं पिकें आडवीं झालीं. परंतु ज्या घरांत हवामानाचा अंदाज वाचून समजतो, तेथें निदान काढलेला कांदा वेळेवर झांकला जातो, आणि विजा कडाडतांना मूल झाडाखालीं उभें राहत नाहीं.

आतां दोष आपला. पौषांत कांद्याची लागण आली कीं आपण मुलीला शाळेंतून काढून रोपें लावायला नेतों. मग थंडीच्या ऐन दिवसांचे तिच्या वहींतले रकाने कोरे राहतात, आणि पुढें तिचें शिक्षणहि कोरें राहतें. येत्या मृगापासून शाळेला एक डबा, एक पट्टी व एक वही द्या. आणि ती भरावयास मुलगा व मुलगी दोघांनाहि वर्षभर धाडा. एवढेंच माझें मागणें आहे.