नकार देणारी पात्रे

(अभ्यासवर्गातील भाषणाचा संपादित भाग)



संगणकावरील खेळांची चर्चा या व्यासपीठावर व्हावी, याचे काहींना आश्चर्य वाटले असेल. परंतु ज्या करमणुकीत तरुण पिढी रात्रीच्या रात्री घालवते, तिच्यात स्त्री-पुरुष संबंधांविषयी काय गृहीत धरलेले असते, हे तपासणे आपले कामच आहे.

‘रोल-प्लेइंग गेम’ म्हणजे ज्यात खेळणारा स्वतः एक भूमिका घेतो, वाटेत काही सोबती जोडतो आणि त्यांच्याशी बोलत कथानक पुढे नेतो. यांपैकी कोणत्या सोबत्याशी प्रेम जुळू शकेल, हे लेखकाने आधीच ठरवून ठेवलेले असते. कॅनडातील बायोवेअर कंपनीच्या ‘बाल्डर्स गेट २’ या २००० सालच्या खेळात नायक पुरुष असेल तर त्याच्यापुढे तीन स्त्रिया होत्या. नायिका असेल तर तिच्या वाट्याला एकच पुरुष, आणि तोही बढाईखोर. समलिंगी प्रेमाला तर जागाच नव्हती. हा हिशेब कोणी द्वेषाने मांडला असे मी म्हणणार नाही. गिऱ्हाईक म्हणजे तरुण पुरुष, एवढे एकदा धरून चालले की बाकीचे सारे आपोआप ठरते.

पुढे ‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’ (२००९) मध्ये दोन सोबती स्त्री-पुरुष दोघांनाही प्रतिसाद देणारे आले. ही प्रगतीच होती. पण त्या खेळात सोबत्याला आवडीची भेटवस्तू दिली की त्याच्या मर्जीचा आकडा चढतो आणि आकडा पुरेसा चढला की प्रेमाचे दार उघडते. नवस बोलावा आणि देव पावावा, तसा हा प्रकार! बाजाराने माणसामाणसांतील नात्याचे काय केले आहे, हे समजावून सांगायला याहून सोपे उदाहरण मला सापडलेले नाही.

याच कंपनीच्या ‘स्टार वॉर्स: द ओल्ड रिपब्लिक’ या खेळात २०१३ साली समलिंगी प्रेमालापाची सोय झाली, ती मकेब नावाच्या एका नव्या ग्रहावर, स्वतंत्र पैसे मोजून घ्यावयाच्या पुरवणीत. जागा दिली, पण गावकुसाबाहेर. या व्यवस्थेचा अर्थ आपल्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

दरम्यान २०११ च्या ‘ड्रॅगन एज २’ ने वेगळा मार्ग धरला होता. मूळ खेळातील चारही प्रेमपात्रे कोणत्याही खेळाडूला, मग तो स्त्री असो वा पुरुष, खुली केली गेली. आमच्याकडे दुर्लक्ष झाले, अशी तक्रार एका पुरुष खेळाडूने केली तेव्हा प्रमुख लेखक डेव्हिड गेडर यांनी त्याला स्वच्छ सुनावले की ही प्रेमप्रकरणे सर्वांसाठी आहेत. बेल्जियममधील लॅरियन कंपनीचा ‘बाल्डर्स गेट ३’ (२०२३) याच वाटेने गेला आहे. पंगतीत प्रत्येकाच्या पानात सारखे वाढले गेले, ही लहान गोष्ट नव्हे. आजवर ज्यांचे पानच मांडले गेले नव्हते, त्यांना तिची किंमत विचारावी.

तरीही मला २०१४ चा ‘ड्रॅगन एज: इन्क्विझिशन’ अधिक मोलाचा वाटतो. गेडर यांनीच लिहिलेला डोरियन हा त्यात उमराव घराण्यातला मुलगा आहे. त्याचे प्रेम पुरुषांवरच जडते. वंश चालावा, घराण्याचे नाव राहावे म्हणून बाप रक्तविद्येच्या बळाने त्याचा स्वभावच पालटू पाहतो आणि मुलगा घर सोडतो. नायिकेने त्याच्याशी सलगी केली तर मैत्री मिळते, प्रेम मिळत नाही. सेरा ही पुरुषांना नाकारते, कॅसँड्रा स्त्रियांना. कितीही मर्जी सांभाळा, उत्तर बदलत नाही. जे पात्र सर्वांनाच होकार देते, त्याला स्वतःची इच्छा आहे की ते गिऱ्हाइकाच्या इच्छेची सावली आहे, हे कळायला मार्ग नसतो. ज्याला नकार देता येतो, त्याच्याच होकाराला अर्थ आहे. विवाहसंस्थेविषयी आपल्या स्त्री कार्यकर्त्या हेच सांगत आल्या आहेत. अर्थात, नकार प्रत्येक वेळी त्याच त्या खेळाडूंच्या वाट्याला येऊ लागला तर त्याला पात्राचे स्वातंत्र्य म्हणता येणार नाही.

हा खेळ भारतात मात्र त्या वेळी विक्रीला आला नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये, स्थानिक कायद्याचा भंग टाळण्यासाठी आपण तो मागे घेत आहोत, असे प्रकाशक कंपनीने जाहीर केले. नेमका कोणता प्रसंग आक्षेपार्ह, हे सांगितले नाही. त्याआधी वर्षभरच, डिसेंबर २०१३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ पुन्हा जिवंत केले होते. ते समलिंगी संबंधांपुरते रद्द व्हायला सप्टेंबर २०१८ उजाडावे लागले. र. धों. कर्व्यांवर ‘समाजस्वास्थ्य’मधील मजकुरासाठी अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ साली डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. खटला हरले, पण लढले. नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीकडून तशी अपेक्षा कोण करील? डोरियनची कथा ज्या घरांतून सर्वांत ओळखीची वाटली असती, तेथल्या मुलांना त्यांनी आगाऊ भरलेले पैसे तेवढे परत मिळाले.