तळटीप आणि दोन तबकड्या

‘येस’ या इंग्रज प्रोग्रेसिव्ह रॉक वृंदाची उत्कृष्ट ध्वनिमुद्रिका कोणती, असें विचारलें कीं पुष्कळ रसिक १९७२ ची ‘क्लोज टु द एज’ सांगतात. निकृष्ट कोणती, यावर मात्र रण माजतें. १९७३ च्या ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’मध्यें तबकड्या दोन, बाजू चार आणि प्रत्येक बाजूस एकच रचना! गायक जॉन अँडरसन यांस ही कल्पना परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रांतील शास्त्रांविषयींच्या एका तळटीपेवरून सुचली. कित्येकांस हाच कळस वाटतो; खुद्द कीबोर्डवादक रिक वेकमन मात्र असंतुष्ट होऊन १९७४ सालीं बाहेर पडले. दोष लांबीचा म्हणावा, तर ‘क्लोज टु द एज’ची पहिली बाजूही अखंड अठरा मिनिटांची आहे! मला विचाराल तर चौथी बाजू अवश्य ऐकावी. दुसरीचा विस्तार त्या तळटीपेस पेलत नाहीं.